कोशातले बोट आणि संगणकाचे झाड

मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. कोशात शब्द ही किल्ली आणि अर्थ हा तिजोरीतला ऐवज. शब्द क्रमाने लावलेले असल्यामुळे हवा तो चटकन सापडतो, आणि एका शब्दावर बोट ठेवले की पुढचा कोणता, हेही कळते.

छापील कोशात नवा शब्द घालायचा तर नवी आवृत्ती काढावी लागते. संगणकाला तेवढी सवड कुठली! १९६२ साली अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी झाडाची युक्ती काढली. लहान किल्ली डावीकडे, मोठी उजवीकडे. एक बाजू जड झाली की झाड तोलून घ्यायचे. दहा लाख नोंदींतही तीस पायऱ्यांच्या आत शोध लागतो. मात्र या झाडात 'पुढचा' शेजारी असेलच असे नाही. कधी खाली उतरावे लागते, कधी वर चढावे लागते. ही चढउतार आपल्यासाठी करणारे बोट म्हणजे 'इटरेटर'. स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी रचलेला असा क्रमवार संग्रह, म्हणजे 'मॅप', १९९४ मध्ये इटरेटरसह सी प्लस प्लस भाषेच्या मसुद्यात आला. जामखेड तालुक्यातली गावे कशीही भरा; बोट अरणगावाहून निघून खर्डा, चौंडी, जवळा, नान्नज, साकत करीत हळगावाला पोचते.

पण हा क्रम ठरवला कोणी? शाळेत आपण 'ळ' हा 'ह'नंतर म्हणतो. १९९१ च्या युनिकोडने मात्र, भारतीय 'इस्की' संकेताला अनुसरून, त्याला 'ल'च्या शेजारचा क्रमांक दिला. नुसत्या क्रमांकांवर विसंबले तर 'मळा' हा 'मसाला'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेने तो नंतर यायला हवा. 'क्ष' तर 'क'च्या घरात शेवटी जाऊन बसतो. यादीच्या अखेरीस आपले आडनाव शोधणाऱ्या एखाद्या क्षीरसागरांना वाटावे, नावच गळाले! बोटाचा यात काही दोष नाही; ते दिलेल्या क्रमानेच चालणार. तुलनेचा नियम आपण स्वतः द्यावा, ही सोय मॅपमध्ये पहिल्यापासून आहे. ती न वापरणे हा निव्वळ आळस होय, आणि तो महाग पडतो. कारण नोंदी भरल्यावर त्याच झाडाचा नियम पालटता येत नाही. नव्या नियमाचे दुसरे झाड उभारून त्यात एकेक नोंद पुन्हा घालावी लागते.