पाण्याशी फारकत

बेडूक जमिनीवर उड्या मारीत हिंडतो खरा. परंतु अंडी घालावयास त्याला बहुधा डबेच गाठावे लागते. हे जुने बंधन तोडले ते सरीसृपांच्या आणि आपल्या समाईक पूर्वजांनी. त्यांचे अंडे गर्भाभोवती पातळ पडद्यात जणू स्वतःचे तळेच बाळगते. तळे बरोबर आल्यावर तळ्याकाठी राहण्याचे कारण उरले नाही.

या कुळातील सरीसृपांचा फार जुना नमुना म्हणून हायलोनोमस ओळखला जातो. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, जॉगिन्स येथील समुद्रकड्यांत, सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या पोकळ वृक्षबुंध्यांत त्याचे सांगाडे सापडले. लांबी शेपटीसह जेमतेम वीतभर. दात बारीक व अणकुचीदार. भक्ष्य बहुधा किडेमकोडे. त्याचे अंडे मिळालेले नाही. हाडांच्या ठेवणीवरूनच आपण त्याचे कूळ ठरवितो.

जॉन विल्यम डॉसन यांनी १८६० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आदल्याच वर्षी डार्विनचा ग्रंथ निघाला होता आणि डॉसन तर त्या मताचे कट्टर विरोधक! तरीही हाडे जशी दिसली तशी त्यांनी जगापुढे मांडली आणि उत्क्रांतीच्या अभ्यासकांना ती उपयोगी पडली.

२०२५ साली ऑस्ट्रेलियातील नखांच्या ठशांवरून या कुळाचा आरंभ सुमारे ३५ कोटी वर्षांइतका मागे नेला गेला. उद्या तो आणखीही सरकेल. मते बदलतात, पण नीट नोंदविलेले हाड पुढच्या पिढीलाही साक्ष देते.