टाकीतलं मीठ १०० मिनिटांत संपत नाही! केमिकल इंजिनिअरिंगचं गणित अडलं तर मदत कुठून आणि कशी घ्यायची?

एक टाकी आहे. तिच्यात १००० लिटर पाणी आणि त्यात विरघळलेलं ५० किलो मीठ. एका पाइपमधून दर मिनिटाला १० लिटर गोडं पाणी आत येतं, दुसऱ्यातून तेवढंच खारं पाणी बाहेर जातं. टाकी सतत ढवळली जाते. तर १०० मिनिटांनी टाकीत किती मीठ उरेल?

केमिकल इंजिनिअरिंगच्या पोरांना हा प्रश्न या ना त्या रूपात भेटतोच. बऱ्याच जणांचं पहिलं उत्तर असतं, शून्य. १०० मिनिटांत १००० लिटर पाणी बाहेर गेलं म्हणजे मीठही गेलं, विषय संपला.

पण तसं होत नाही. सुरुवातीला बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लिटरमध्ये ५० ग्रॅम मीठ असतं. गोडं पाणी मिसळत जातं तसं हे प्रमाण घटतं. म्हणजे टाकीत मीठ जितकं कमी, तितकं ते बाहेर जाण्याचा वेगही कमी. कुठल्याही क्षणी हा वेग टाकीत उरलेल्या मिठाच्या १ टक्का प्रति मिनिट इतका असतो. हेच वाक्य चिन्हांत लिहिलं की डिफरन्शियल इक्वेशन तयार होतं. ते सोडवलं की १०० मिनिटांनी उरलेलं मीठ म्हणजे ५० भागिले २.७१८, साधारण १८.४ किलो. मीठ निम्मं व्हायलाच ६९ मिनिटं लागतात.

आता यात अडतं कुठं? काहींना इंटिग्रेशन येत नाही. पण बहुतेकांना ते येतं, फक्त टाकीवरून इक्वेशन मांडता येत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. मास बॅलन्स न बसणाऱ्याने इंटिग्रेशनचे ५० व्हिडिओ बघितले तरी केटी लागायची ती लागतेच.

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्यांची अडचण तिसरीच. त्यांचं फर्स्ट इयर झालेलं नसतं आणि समोर थेट एम-थ्री उभं राहतं. वर्गात विचारायला लाज वाटते, कारण बाकीचे माना डोलावत असतात. (डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही कळलेलं नसतं, ही गोष्ट निकालाच्या दिवशी कळते.)

कॅल्क्युलसचा पाया कच्चा असेल तर खान अकॅडमीपासून सुरुवात केलेली बरी. सोडवलेली उदाहरणं हवी असतील तर अमेरिकेतल्या लमार युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापकाच्या ‘पॉल्स ऑनलाइन नोट्स’ आहेत. केमिकलच्या विषयांसाठी कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचं ‘लर्न-केमई’ आहे, तिथं एकेका प्रॉब्लेमवर काही मिनिटांचे छोटे व्हिडिओ मिळतात. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स एनपीटीईएलवर आहेत. हे सगळं फुकट आहे. पुस्तकांत हिमेलब्लाऊ किंवा भट आणि व्होरा यांचं ‘स्टॉइकिओमेट्री’, दोन्ही लायब्ररीत सापडतात. लोकल ऑथरची पुस्तकं पेपरला पास करून देतात हे खरं, पण टाकीचा आकार बदलला की गडबड होते.

आणि तयार उत्तरांचं काय? इंजिनिअरिंगला कॉपी नवीन नाही. काचेखाली बल्ब लावून ड्रॉइंग शीटची ‘जीटी’ मारणाऱ्या पिढ्या इथं होऊन गेल्या. पुढे चेग नावाच्या अमेरिकी कंपनीने महिन्याची फी घेऊन होमवर्कची सोडवलेली उत्तरं द्यायला सुरुवात केली. यातली बरीच उत्तरं भारतात बसलेले एक्स्पर्ट लिहायचे. मग चॅटजीपीटी आलं. त्यामुळे नवीन ग्राहक कमी होतायत, असं खुद्द चेगच्या सीईओंनी मान्य केलं आणि मे २०२३ मध्ये एका दिवसात कंपनीचा शेअर जवळपास निम्म्यावर आला.

एआयला विचारण्यात गैर काही नाही, प्रश्न आहे काय विचारलं याचा. फोटो काढून ‘सॉल्व्ह कर’ म्हटलं की उत्तर मिळतं, वहीत उतरतं आणि व्हायवाला पहिल्याच प्रश्नात उघडं पडतं. त्यापेक्षा असं लिहावं: ‘आत येणाऱ्या पाण्यात मीठ शून्य धरलंय. बाहेर जाणारं मीठ मी दर मिनिटाला अर्धा किलो असं कायम धरलं. उत्तर शून्य येतंय. चूक कुठं झाली?’ असं विचारलं की एआय असो, सर असोत किंवा हॉस्टेलचा सिनिअर, समोरचा नेमक्या जागी बोट ठेवतो. अनेकदा तर हे लिहिता लिहिता चूक स्वतःलाच दिसते.

कुणाला विचारायच्या आधी एककं तपासायची. गॅसच्या गणितात तापमान २७ अंश सेल्सिअस असेल तर ३०० केल्विन घ्यायचं. तिथं २७ टाकलं तर उत्तर ११ पटींनी चुकतं. ८.३१४ घ्यायचं की ०.०८२१, हे दाब पास्कलमध्ये आहे की अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये आहे की लिटरमध्ये यावर ठरतं. स्टीम टेबलमधले आकडे एआयने दिले असतील तर ते टेबल उघडून बघायचे. ही यंत्रं चुकीचा आकडाही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात.

आलेलं उत्तर तपासायला वेगळं ज्ञान लागत नाही. टाकीच्या सूत्रात वेळ शून्य टाकला की ५० किलो यायला हवेत. वेळ खूप मोठा टाकला की मीठ शून्याकडे सरकायला हवं, पण उणे कधीच व्हायला नको. ‘दर मिनिटाला अर्धा किलो’ या हिशेबात २०० मिनिटं टाकून बघा. टाकीत उणे ५० किलो मीठ निघतं.