लेहंग्याच्या घेरातले रसायन

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या बंगळुरू पथकाने ऑस्ट्रेलियाला निघालेल्या पार्सलातील तीन लेहंगे तपासले. त्यांच्या घेराच्या काठात शिवलेली सुमारे तीन किलो पांढरी भुकटी निघाली. ती हेरॉइन नव्हती, कोकेनही नव्हती. ते होते स्यूडोएफेड्रिन, चोंदलेले नाक मोकळे करणारे सर्दीवरचे साधे औषध.

या द्रव्याचे कुळ जुने आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये एफेड्रा वनस्पतीतून एफेड्रिन वेगळे केले आणि १८९३ मध्ये त्याच एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन बनवले. औषध आणि नशा अशी एकाच घरातली भावंडे. हेरॉइनला लागणाऱ्या ॲसेटिक अनहायड्राइडचेही तसेच. त्यावाचून ॲस्पिरिनचे कारखाने चालत नाहीत. अशा रसायनांवर बंदी घालता येत नाही, पहारा मात्र ठेवता येतो.

भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा रोख मुख्यतः तयार पदार्थांवर होता. १९८८ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कराराने कच्च्या रसायनांकडे लक्ष वेधले आणि पुढच्याच वर्षी आपल्या कायद्यात ‘नियंत्रित पदार्थ’ ही नवी कोटी आली. त्यासाठी १९९३ मध्ये नियमावली निघाली. २०१३ मध्ये तिची जागा अधिक कडक आदेशाने घेतली. निर्मात्याला व विक्रेत्याला नोंदणी क्रमांक, साठ्याची रोजची नोंद, दर तिमाहीला विवरण, मालासोबत प्रेषणपत्र आणि माल हरवल्यास तत्काळ खबर, असा हा बंदोबस्त. कुलपापेक्षा त्याची भिस्त खतावणीवर आहे.

या बंदोबस्तात एक गृहीत दडलेले आहे: चोर बाहेरून येतो आणि मालक तक्रार करतो. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यातून सुमारे १८ टन एफेड्रिन जप्त केले, तेव्हा हे गृहीतच डळमळले. बंगळुरूच्या त्या तीन किलोंशी याची तुलना करून पाहावी! हा साठा केनियामार्गे मेथॅम्फेटामिनच्या धंद्यात वळवण्याचा कट होता आणि त्यात कारखान्याशी संबंधित माणसेच सामील होती, असा पोलिसांचा आरोप. हरवल्याची खबर देण्याचे कलम अशा वेळी मुकेच राहते, कारण खबर देणार कोण? पोलीस तेथवर पोहोचले ते खतावणीतल्या तफावतीवरून नव्हे, तर ठाण्यात विक्रीला आलेल्या थोड्याशा एफेड्रिनचा माग काढत.