स्मृती हिरावणारे सागरी विष

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रिन्स एडवर्ड आयलंड या प्रांतातील मसल जातीचे शिंपले खाल्ल्याने १९८७ च्या अखेरीस शंभराहून अधिक लोकांना विषबाधा झाली. किमान तिघे दगावले. वाचलेल्यांपैकी काहींची नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता कायमची गेली.

या विषबाधेचे कारण डोमोइक आम्ल असल्याचे संशोधनाअंती स्पष्ट झाले. थंड किनारी पाण्यातही वाढणाऱ्या 'स्यूडो-निट्शिया' या सूक्ष्म शैवालाच्या काही जाती ते तयार करतात. शिंपले पाणी गाळून शैवाल खातात आणि विष त्यांच्या शरीरात साठते. मानवी शरीरात गेल्यावर हे आम्ल मेंदूतील पेशींना अतिउत्तेजित करून मारते. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाला मोठी हानी पोहोचते.

विषारी शिंपला दिसण्यात वा चवीत वेगळा नसतो. शिजवल्याने किंवा गोठवल्यानेही विष नष्ट होत नाही आणि त्यावर उताराही उपलब्ध नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील तपासणी हाच खात्रीचा उपाय ठरतो. कॅनडाने या आम्लाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ठरवली असून, ती ओलांडली गेल्यास त्या भागातील शिंपल्यांची काढणी थांबवली जाते.