गोडसे भटजींचा प्रवास आणि आमची वही

कामं आवरली असतील तर बसा जरा, नसतील तर निवडता निवडता ऐका.

भादव्यात आमच्या गटातल्या आठजणी नळदुर्गला चालत गेलो. पाठीवर पिशव्या, त्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि एकीच्या लेकीची शाळेची वही. बोरी नदीवरचा पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा बघून सगळ्या येड्यासारख्या फोटो काढत सुटल्या. आदिलशाहीत बांधलेलं ते धरण आहे, चारशे वर्षं झाली, अजून उभं आहे. आमचे फोटो मात्र चार तासही टिकले नाहीत. परत येताना फोन पाण्यात पडला आणि सगळं गेलं. राहिली ती पोरीनं खरडलेली चार पानं.

तेव्हा मला विष्णुभट गोडसे आठवले. हे रायगड जिल्ह्यातल्या वरसई गावचे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळलं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडं निघाले. वाटेत बंड पेटलेलं. पुढं झाशीला राहिले आणि १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर घेतलं तेव्हा भटजी तिथंच होते. लपले, लुटले गेले, मिळवलेली दक्षिणा गेली. शेवटी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले.

त्यांच्याकडं कॅमेरा कुठला असणार! लिहिलं तेही पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला तेव्हा. ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ साली, भटजी तोवर हयात नव्हते. इंग्रजांच्या राज्यात असलं छापणं सोपं नव्हतं. वैद्यांनी छापताना मजकुरात बदल केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली प्रत १९६६ साली आली. म्हणजे माणसानं सांगितलेलं त्याच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोचायला किती वर्षं गेली बघा.

मला त्या पुस्तकात लढाईपेक्षा बारीकसारीक गोष्टी आवडतात. कुठं जेवण मिळालं, कुठं नुसत्या पाण्यावर रात्र काढली. पळून चाललेली झाशीची राणी विहिरीपाशी तहानलेली भेटली, ते तर विसरूच शकत नाही. मोठ्या इतिहासाच्या पुस्तकात राणी घोड्यावर असते, इथं ती धुळीनं माखलेली, दमलेली बाई आहे. हे त्या वाटेनं चालणाऱ्यालाच दिसलं.

आता आमच्या वहीचं सांगते. आमच्यात एक आजी होत्या, लोहारा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखाली माणसं गेली. गाव नंतर दुसऱ्या जागी वसलं. चालता चालता आजी जुनी गल्ली सांगू लागल्या. वेशीतून आत आलं की डाव्या हाताला कासाराचं घर, मग कडुलिंब, मग चुलत सासऱ्यांचा वाडा, त्याच्या ओट्यावर बाया शेंगा फोडत बसायच्या. कुणाच्या दाराला कोणती कडी होती तेसुद्धा. त्या गल्लीचा एकही फोटो कुणाकडं नाही.

पोरगी हुशार. थांबून लिहायची, परत विचारायची. पानावर तारीख, जागा, कोण सांगतंय ते वर टाकलं. आजी “गा की”ला “गाव की” म्हणाल्या तर तसंच लिहिलं, शुद्ध केलं नाही. आवाज भरायच्या आधी आजींना विचारलंही होतं, पण तो आवाज फोनबरोबर गेला. घरी आल्याबरोबर दुसरीकडं पाठवून ठेवायला हवा होता, ती चूक आमची.

परवा आजींना ती पानं वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, “कासाराच्या घरापुढं आड राहिला की गं. लिही.” पोरीनं समासात आड काढला, पेन्सिलीनं, गोल. मग आजींनी आणखी दोन घरं सांगितली.