'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि आबाजींचा प्रश्न

१/ यंदा दिवाळीत ब्रह्मपुरीच्या घरी आम्ही सर्वांनी एकत्र बसून परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) पाहिला. चित्रपट संपला तेव्हा घरात तीन पिढ्यांची तीन मते होती. ती मते इतिहासाशी ताडून पाहण्यासाठी हा #धागा.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. भागीदाराशी न पटल्याने त्यांनी छापखाना सोडला. मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला आणि आपले देवही असेच पडद्यावर यावेत, या ध्यासाने त्यांना झपाटले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. नंदू माधव आणि विभावरी देशपांडे यांनी फाळके दांपत्य साकारलेला हा चित्रपट 'श्वास'नंतर ऑस्करसाठी भारताकडून गेलेला दुसरा मराठी चित्रपट होय.

३/ पहिले मत धाकट्या भावाचे : "मस्त आहे, पन एवढं सोपं असते का?" आक्षेप रास्त आहे. चित्रपटातले फाळके प्रत्येक संकटाला हसतखेळत सामोरे जातात. प्रत्यक्षात सतत चित्रपट पाहण्याच्या आणि रात्रंदिवस प्रयोग करण्याच्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले.

४/ परतल्यावरही भांडवल नव्हतेच. तेव्हा त्यांनी मटाराचे रोप कसे वाढते, हे थोड्या थोड्या अंतराने चित्रित केले. बीजातून अंकुर फुटून वेल वर चढताना क्षणांत दिसू लागली आणि ती पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. हा प्रसंग हलकाफुलका वाटतो खरा. पण त्यामागे घर पणाला लागलेले होते.

५/ दुसरे मत आईचे : "बाई तं पूर्ण कंपनी चालवते, अन् नाव एकट्या त्याचं." आईने नेमके ओळखले. सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे आणि रसायने हाताळण्याचे कामही त्या शिकल्या. वर कंपनीतल्या सर्व माणसांचा स्वयंपाक. 'भारतीय चित्रपटाचे जनक' असे म्हणताना या श्रमांचा हिशेब आपण कोठे मांडतो?

६/ तिसरे मत आबाजींचे. तारामती आणि दासींच्या भूमिकांसाठी निवडलेले पुरुष मिशा काढण्यास नकार देतात, साड्या नेसून वावरतात, तेव्हा आम्ही पोट धरून हसत होतो. आबाजी तेवढे हसले नाहीत. "यात हासाले का झालं?" एवढेच त्यांनी विचारले.

७/ हा प्रश्न समजण्यासाठी झाडीपट्टी ठाऊक हवी. धान निघाले की आमच्याकडे मंडई, शंकरपट आणि रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात. वैनगंगेपलीकडचे वडसा हे आज त्या नाट्यमंडळांचे मुख्य ठाणे. साठच्या दशकात आबाजी गावोगावच्या नाटकांत स्त्रीभूमिका करीत. आमच्या दृष्टीने जी गंमत होती, ती त्यांनी कंदिलाच्या उजेडात मेहनतीने कमावलेली विद्या होती.

८/ फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. अखेर एका खानावळीतला आचारी, अण्णा साळुंके, त्यांनी निवडला. त्याला दहाऐवजी पंधरा रुपये पगार देऊ केला, असे सांगतात. सिनेमात काम करणे तेव्हा इतके हलके मानले जाई की, 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी करतो' असे घरी सांगा, असा सल्ला फाळके नटांना देत. चित्रपटाचे नाव तिथूनच आले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या.

९/ आता १९१३च्या प्रेक्षकांचे मत. सुरतचा किस्सा प्रसिद्ध आहे. पाच-सहा तासांच्या नाटकाला सरावलेले लोक दीड तासाच्या खेळाला फिरकेनात. तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, तिकीट फक्त तीन आणे, अशी जाहिरात केल्याचे सांगतात. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट, म्हणजे एक मैलसुद्धा नाही! जाहिरातही साधन म्हणून वाचावी लागते, ती अशी.

१०/ दोन वर्षांनी, २०११ मध्ये, मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'ह्यूगो' आला. त्यात जॉर्ज मेलिए हा फ्रेंच चित्रपटकार म्हातारपणी पॅरिसच्या रेल्वे स्थानकात खेळणी विकताना भेटतो. तिथे कथा विस्मृतीपासून सुरू होते. मोकाशींचा चित्रपट मात्र उत्कर्षाच्या टप्प्यावरच थांबतो. १९३७चा 'गंगावतरण' हा फाळक्यांचा शेवटचा चित्रपट; १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. तो उतरता काळ पडद्यावर नाही. म्हणून ऐतिहासिक चित्रपट पाहताना 'हे खरे का?' इतकेच 'हे कोठे थांबवले?' असेही विचारावे.

११/ झोपण्यापूर्वी आबाजींनी पुन्हा विचारले, "त्या साळुंक्याचं पुढं का झालं?" मी सांगितले : १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता, दोन्ही त्यानेच केले. नंतर तो कॅमेऱ्यामागेही गेला. 'राजा हरिश्चंद्र'ची आज केवळ पहिली आणि शेवटची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत; काही अभ्यासक तीही १९१७च्या नव्या आवृत्तीची मानतात. आबाजी म्हणाले, "तरी नाव तं राहिलं त्याचं."

१२/ आबाजींबरोबर लुगडे नेसून उभे राहणाऱ्या सोबत्यांची नावे कोणत्याही संग्रहालयात नाहीत. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्यापाशी बसलो; सात नावे मिळाली, दोन त्यांना आठवेनात. तुमच्याही घरी कोणी नाटकात, दंडारीत काम केले असेल, तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा आणि नावे लिहून घ्या. धागा समाप्त.