बँड ऑफ ब्रदर्स
दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढलेल्या अमेरिकी छत्रीसैनिकांच्या, म्हणजे विमानातून हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांच्या, ‘ईझी’ कंपनी या लष्करी तुकडीवरील दहा भागांची दूरचित्रवाणी मालिका (२००१). इतिहासकार स्टीफन अँब्रोझ यांच्या १९९२ च्या पुस्तकावर ती आधारलेली असून स्टीव्हन स्पीलबर्ग व टॉम हँक्स हे तिचे कार्यकारी निर्माते होत. निवृत्त कॅप्टन डेल डाय यांनी चित्रीकरणापूर्वी नटांकडून लष्करी सराव करून घेतला. त्यामुळे शस्त्र हाताळण्यातील सहजता आणि थकवा अभिनयात उतरला. वास्तवाचा सर्वांत प्रखर प्रत्यय बेल्जियममधील बास्तोन्य शहराच्या वेढ्यावरील भागांत येतो : तोफगोळे झाडांच्या शेंड्यांवर फुटतात, लाकडाच्या धारदार ढलप्या खंदकांत कोसळतात आणि गोठलेल्या जमिनीत सैनिकांना धड आडोसाही मिळत नाही. हे बर्फाच्छादित अरण्य इंग्लंडमधील हॅटफील्ड येथे बंदिस्त जागेत उभारले होते, हे पाहताना जाणवतही नाही. भागांच्या प्रारंभी खरे वृद्ध सैनिक बोलतात, मात्र त्यांची नावे अखेरच्या भागातच कळतात. तथापि दृश्यांतील अस्सलपणा तथ्यांच्या अचूकतेची हमी देत नाही. अल्बर्ट ब्लाइद हा सैनिक १९४८ मध्ये वारल्याचे तिसऱ्या भागाच्या शेवटी सांगितले जाते. प्रत्यक्षात तो पुढेही सैन्यात राहिला व १९६७ मध्ये निधन पावला.